यंत्रातली दुसरी नोंद

"घेतली होती ना? मग गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा," असा सल्ला दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात माझ्या अशिलाला आधीच्या वकिलांनी दिला होता. कागद न उघडता. तो पेशाने ड्रायव्हर. लायसन्स गेलं की घरातली चूल थंड, त्यामुळे 'मोकळं होणं' त्याला परवडणारं नव्हतं. तरीही तो स्वतःला गुन्हेगार धरूनच माझ्यासमोर बसला होता, कारण जेवताना एक ग्लास घेतल्याचं तो नाकारत नव्हता.

मी त्याला सांगितलं, कायदा ग्लास मोजत नाही, रक्तातलं प्रमाण मोजतो. 100 मिलीलिटर रक्तामागे भारतात 30 मिलिग्रॅम, जर्मनी-फ्रान्समध्ये 50, इंग्लंडमध्ये 80 अशी मर्यादा आहे. त्याच्या श्वासचाचणीच्या चिठ्ठीवरचा आकडा होता 91. एका ग्लासाला तो मला जास्त वाटला.

अशा केसमध्ये मी अशिलाकडून ती संध्याकाळ मिनिटामिनिटाने काढून घेतो. कंटाळवाणं काम आहे, पण केस तिथेच सापडते. जेवण कधी झालं, गाडीत कधी बसला, कुठल्या वळणावर अडवलं. बोलता बोलता त्याने सांगितलं की हिरड्या सुजल्या होत्या म्हणून निघताना त्याने गुळण्या केल्या होत्या. बाटली मागवून घेतली. लेबलवर अल्कोहोल लिहिलेलं होतं.

श्वासचाचणीचं यंत्र रक्त तपासत नाही. फुप्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजून ते रक्तातलं प्रमाण काढतं, आणि त्यासाठी श्वासापेक्षा रक्तात ते साधारण 2100 पट असतं असं गृहीत धरतं. तोंडातच अल्कोहोल रेंगाळत असेल तर हे गणित कोलमडतं. म्हणूनच चाचणीआधी पंधरा मिनिटं थांबायचं, त्या वेळात तोंडात काही जाऊ द्यायचं नाही, असा दंडक आहे. त्याला मात्र काच खाली करताक्षणीच फुंकायला लावलं होतं.

त्याला आठवत होतं की हुज्जत घातल्यावर पुन्हा एकदा फुंकायला लावलं. दोषारोपपत्रात त्या दुसऱ्या चाचणीचा उल्लेखच नव्हता. मी यंत्राच्या मेमरीतल्या नोंदी आणि कॅलिब्रेशनचं, म्हणजे यंत्र अचूक मोजतं हे तपासल्याचं, प्रमाणपत्र मागवण्यासाठी अर्ज केला. सरकारी बाजूने विरोध झाला, न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला. नोंद मिळाली: अठरा मिनिटांनंतर, 22.

उलटतपासणीत मी आवाज चढवला नाही. तज्ज्ञ साक्षीदाराला एवढंच विचारलं, की शरीर तासाला किती अल्कोहोल निकालात काढतं? 100 मिलीलिटर रक्तामागे साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम, ते म्हणाले. मग अठरा मिनिटांत 69 कसे उतरले? त्यांनी दोन्ही नोंदी पुन्हा पाहिल्या आणि स्वच्छ सांगितलं, पहिला आकडा रक्तातला असू शकत नाही. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांच्याविषयी आजही आदर आहे.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा व्हावी असंच माझं मत आहे. त्या अपघातांतली माणसं मी कोर्टात पाहिली आहेत. पण पुरावा असा अर्धाच ठेवला, तर उद्या खरा दोषीही त्याच फटीतून निसटेल.

वकील शोधताना काय पाहायचं, असं मला ओळखीपाळखीचे विचारतात. सुटकेची हमी देणारा नको, ती कुणीच देऊ शकत नाही. पहिल्याच भेटीत चाचणीची वेळ, यंत्राची नोंद, रक्त घेतलं असेल तर नमुन्याचं सील आणि तो कुणाकुणाच्या हातातून गेला, हे विचारणारा हवा. कागद पाहून "यात लढण्यासारखं काही नाही" असं सांगणाराही चालेल, पण आधी त्याने कागद पाहिलेले असावेत.

तो निर्दोष सुटला. लायसन्सच्या निलंबनाची कारवाई मात्र वेगळी चालू होती आणि कोर्टाच्या पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "ते जाऊ द्या साहेब, आता दमलो." मी त्याला तिथूनच परत वर नेलं आणि निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करायला लावला. त्या प्रतीवरच त्याचं लायसन्स परत मिळालं.