आमची वाटचाल : उलटी छत्री, सोळा बरण्या आणि बालवाडीच्या बाई

कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या पोराला हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, माहीत असते. वळवाचा पहिला पाऊस झाला की तिन्हीसांजेला कडुलिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात आणि बापाचा जीव उसात अडकतो, हे ते बघत आलेलं असतं. पण त्याच पोरासमोर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) धरा, ते पायातली चप्पल काढतं. किडा दिसला की मारायचा, भोक पडलेलं पान टाकायचं, एवढंच घरात शिकलेलं. मित्रकीड, म्हणजे पिकाच्या शत्रूंना खाणारा किडा, हा शब्द कानावरच पडलेला नाही. म्हणून २०१४ साली मी आणि बायकोनं प्रयाग चिखलीच्या बाजूच्या आमच्या दीड एकरात बालवाडीची मुलं आणायला सुरुवात केली. दोन तास किडे बघायचे, मग हात धुऊन स्वतः खुडलेली मेथी, ज्वारीची भाकरी, वर गूळ-शेंगदाणे.

आमची हत्यारं साधी आहेत, पण त्यांत तडजोड नाही. छत्री उलटी करून तुरीच्या फांदीखाली धरायची आणि वरून काठीनं दोन टिपऱ्या द्यायच्या, की फांदीवरचं सगळं गाव छत्रीत उतरतं. छत्री पांढरीच हवी, काळ्या छत्रीत पोरांना काही दिसत नाही. अळी उचलायला दोन नंबरचा रंगाचा ब्रश. चिमटीत धरली तर ती मरते, ब्रश पुढं केला तर आपणहून चढते. तोंडाला मलमल बांधलेल्या सोळा बरण्या, दहापटीची भिंगं दोरीत ओवून गळ्यात. बरणी उन्हात ठेवायची नाही आणि दहा मिनिटांत किडा जिथला तिथं सोडायचा.

लाल भोपळ्याचा प्रयोग माझा स्वतःचा. आदल्या संध्याकाळी एका मादीकळीला मधमाशी शिरू नये म्हणून कापडी पिशवी बांधतो, शेजारची उघडी ठेवतो. सकाळी मुलं येतात तेव्हा उघड्या फुलात मधमाश्यांची ये-जा चालू असते. आठवड्यानं शाळेला फोटो जातो : पिशवीतलं बाळफळ पिवळं पडून गळालेलं, उघड्यावरचं भरत चाललेलं. ज्यानं हे पाहिलं, ते पोर ताटात भोपळ्याची भाजी सोडत नाही. आयांचे फोन आलेत मला.

२०१८ पर्यंत बरं चाललं.

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं शेत, छप्पर, पोरांसाठी बांधलेली हात धुवायची मोरी, सगळं पाण्याखाली. ओसरल्यावर वीतभर गाळ आणि कुजलेल्या उसाचा वास. माळ्यावर टाकलेल्या छत्र्या तेवढ्या वाचल्या, बरण्या वाहून गेल्या. अकरा शाळांची आगाऊ रक्कम घेतली होती, तीही बी-बियाण्यात गुंतलेली.

आणि त्याच महिन्यात शहराजवळच्या एका नव्या कृषी पर्यटन केंद्राचा माणूस आमच्या शाळांमधून फिरायला लागला. ‘त्यांचं शेत गेलं, आमच्याकडं या,’ आणि दर आमच्या निम्मा. नऊ शाळा गेल्या. तिथं फायबरची मधमाशी, घसरगुंडी आणि जेवायला नूडल्स. निम्म्या दराचं मला काही वाटलं नाही, धंदा आहे. पण बायकोनं मुलांसाठी रात्र रात्र जागून काढलेला किड्यांच्या चित्रांचा कागद त्यांनी जसाच्या तसा झेरॉक्स करून वाटला. कसं कळलं? ढालकिड्याच्या अळीला सहा पाय असतात, बायकोच्या हातून एक राहून गेला होता. त्यांच्या कागदावरही पाचच. ते पाहिलं तेव्हा पुरात आलं नव्हतं तेवढं पाणी डोळ्यांत आलं.

राहिलेल्या दोन शाळांपैकी एक शिवाजी पेठेतली. तिथल्या बाई पहिल्या वर्षापासूनच्या. सप्टेंबरात मी पैसे परत करायला गेलो, तर बाईंनी पाकीट माझ्याकडंच सरकवलं. म्हणाल्या, “दादा, शेत बुडालं म्हणून जगातले किडे बुडाले का? छत्री घेऊन या उद्या.” दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणाला एक रुई दिसली. शेंड्यावर पिवळा मावा मेणासारखा थापलेला, आणि त्यात ढालकिड्याच्या चार अळ्या, काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीच्या पिल्लासारख्या. बावीस पोरं भिंगं लावून बसली. एक मुलगी मावा मोजता मोजता ओरडली, “ह्यो पण खाल्ला!” ‘शाळेच्या दारात’ हा आमचा कार्यक्रम त्या रुईपाशी सुरू झाला. शेत पुन्हा उभं राहीपर्यंत त्याच्यावरच आमचं घर चाललं.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगतो, एका वेळी पंचवीसच्या वर मुलं घेऊ नका. सुरुवात कोळ्यानं करू नका, मुलं भितात आणि तो आठ पायांचा, कीटकच नव्हे. आयांनाही सांगतो, फ्लॉवरमधून अळी निघाली तर पोरासमोर ‘ईऽऽ’ करू नका. कोमट मिठाच्या पाण्यात गड्डा ठेवा, निघालेली अळी पोराला दाखवा आणि मग भाजी फोडणीला टाका. एकदा ‘ईऽऽ’ ऐकलं की ते पोर पुढची दहा वर्षं फ्लॉवर खाणार नाही.

बायकोनं कागद नव्यानं काढलाय, सहावा पाय घालून. पण तो जुना कागद अजून शहरात फिरतो. गेल्या जानेवारीत एका मुलानं दप्तरातून काढून मला दाखवला, “सर, हिला पाच पाय असतात.” क्षणभर डोक्यात तिडीक गेली. मग बरणी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, बाळा, मोज.