पोराला घेतलं नाही होय?

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

काल रात्रीपासून आईचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. वाक्य कसलं, चार शब्द. ‘पोराला घेतलं नाही होय?’ एवढं म्हणाली, मटाराचं ताट उचललं आणि आत गेली. सिनेमा अजून निम्मा राहिला होता. परत काही ती बाहेर आली नाही. मी जाऊन बघितलं तर ओट्यापाशी उभी, सोललेलेच दाणे पुन्हा निवडत होती.

लेकाची प्रिलिम संपली म्हणून त्याचे मित्र-मैत्रिणी आले होते. ‘ब्लॅक पँथर’ लावायचं ठरलं. त्यांनी तो आधी कितीदा तरी बघितलेला, तरी पुन्हा. आजी आहे तर हिंदीत लावा म्हटलं, तर कुरकुर न करता लावला. गुणी आहेत पोरं.

आई सुपरहिरोंचे सिनेमे बघत नाही. पण यात राजा आहे, गादी आहे, भाऊबंदकी आहे. तिला सगळं पटापट कळत होतं. संग्रहालयाचा प्रसंग आला. तो खलनायक, किलमाँगर, काचेतल्या वस्तू बघत तिथल्या बाईंना विचारतो, हे तुमच्याकडे आलं कसं? विकत घेतलं होतं का तुमच्या लोकांनी? पोरांनी शिट्ट्याच मारल्या. एकजण म्हणाला, काकू, आपली वाघनखं पण तशीच ना! ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली, आणि तीही तीन वर्षांच्या बोलीवर. आम्ही त्या वर्षी दिवाळीत जाऊन आलो होतो. ‘आपल्याच घरातलं आणि उसनं,’ आई म्हणाली. पोरांना ते फार आवडलं. तोवर ती अगदी रंगात होती.

मग तो म्हातारा राजाला खरं काय झालं ते सांगतो. राजाच्या बापाने अमेरिकेत जाऊन स्वतःच्या सख्ख्या भावाला मारलं आणि भावाचं पोर तिथेच सोडून विमान परत नेलं. का, तर घरात खोटं सांगितलेलं टिकावं म्हणून. पोरगं खाली मैदानात खेळत होतं, आकाशात दूर जाणारे दिवे बघत होतं. तेच पुढे किलमाँगर झालं.

तेव्हा आई म्हणाली.

हा सिनेमा मी पूर्वी बघितलाय, हेच मला आज सारखं टोचतंय. २०१८ चा फेब्रुवारी. ऑफिसमधल्या आम्ही पाचजणी कोथरूडला गेलो होतो. शेवटी किलमाँगर मरायला टेकतो. राजा म्हणतो, तुला वाचवता येईल. तो नको म्हणतो. कैदेत जगण्यापेक्षा मरण बरं म्हणून जहाजांवरून समुद्रात उड्या टाकणाऱ्या पूर्वजांची आठवण काढतो, मलाही त्याच समुद्रात टाका म्हणतो. मी तोंडावर ओढणी धरून रडले होते. बाहेर येऊन कॉफी पिताना आम्ही तासभर त्याच्याबद्दलच बोललो. राजा चांगला, पण हा बिचारा खरा, असं माझंच म्हणणं होतं. मायकेल बी. जॉर्डननं काय काम केलंय, डोळ्यांतच ते लहान पोर दिसतं, असंही मीच म्हणाले.

आणि त्या तासाभरात मला काकाचा मुलगा आठवला नाही. एकदाही नाही. जिन्यातल्या त्या दिवसाला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या पोरासाठी मी रडले. पंढरपूरच्या पोरासाठी नाही.

सिनेमा सुरू होतो तेव्हा पडद्यावर साल येतं, १९९२. आमच्याकडचंही तेच साल. काका गेल्याची तार आली आणि अण्णा रात्रीच्या एसटीने निघाले. ‘पोराला घेऊनच या,’ असं आईने त्यांना दारात सांगितलेलं मी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या कपाटातला खालचा खण रिकामा केला. मी अकरा वर्षांची, तो आठ. आई बोहरी आळीत जाऊन एक फुलपात्र घेऊन आली, त्यावर त्याचं नाव घालून. आमच्याकडे प्रत्येकाचं नाव घातलेलं भांडं असायचं, त्याशिवाय माणूस घरातला झाला असं वाटायचं नाही.

तेराव्यानंतर अण्णा आले. एकटेच. पिशवीत काकाचं घड्याळ होतं आणि कागद. ‘मामाकडे राहील तो,’ म्हणाले आणि आंघोळीला गेले. आई काही बोलली नाही. मी दोन दिवस खण तसाच रिकामा ठेवला, मग वह्या परत लावल्या.

अण्णांना दुष्ट म्हणायला माझी जीभ उचलत नाही. दोन खोल्या, एक पगार, आजी अंथरुणावर. आणि दुसरंही होतंच, जे अण्णा-काकांमध्ये झालं होतं ते. ते आता कशाला.

काल आई आत गेल्यावरही मी तिथेच बसून राहिले. पोरांचं भांडण चाललं होतं. मुलगे सगळे किलमाँगरच्या बाजूने. जगात आपल्यासारखे दोनशे कोटी लोक हाल काढताहेत आणि तुम्ही एवढी हत्यारं, एवढी विद्या लपवून आरामात बसलात, हा त्याचा सवाल. चुकीचं काय बोलला तो? शेवटी राजाने त्याचंच ऐकलं ना? दारं उघडलीच ना जगासाठी? मग खलनायक कोण? त्यावर त्या चुणचुणीत मुलीने सगळ्यांना गप्प केलं. ‘आणि त्याची मैत्रीण? अडचण झाली तशी गोळी घातलीच ना तिला? ती बागेतली म्हातारी? गळा धरून उचलली. राजाला ताकद देणारी ती फुलं जाळून टाकली, पुढच्या कुणालाच मिळू नयेत म्हणून. मुद्दा बरोबर असला की माणूस बरोबर होतो का?’ एवढीशी पोरगी. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्याशी भांडावंसंही वाटलं.

कारण आमच्या घरातही एक जाळलेली बाग आहे. तुळशीची कुंडी.

२०१० मध्ये वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा वकिलांनी सांगितलं, काकांच्या वारसाची सही लागेल. तेव्हा आम्हाला त्याचा पत्ता शोधावासा वाटला. अठरा वर्षांनी. फोन मी केला. दादा म्हणाला, तू गोड बोलतेस, तू कर. मी गोड बोलले. ये रे एकदा, सगळे भेटू, काकू आठवण काढते. हक्कसोडपत्राचं शेवटी, सहज बोलल्यासारखं.

लहानपणी कर्णाची गोष्ट ऐकताना मला कुंतीची दया यायची. नदीत पेटी सोडताना तिला किती रडू आलं असेल वगैरे. आज दिवसभर तिचं दुसरं जाणं मनात येतंय. युद्ध तोंडावर आल्यावर ती नदीकाठी कर्णाकडे गेली, आई म्हणून हाक मारली आणि पाच मुलांसाठी मागणं मागितलं. तोवर कुठे होती?

तो आला. पावसाचे दिवस होते. जिन्यातच उभा राहिला, वर या म्हटलं तरी येईना. ‘ही माझ्या बापाची खोली आहे. मी सही देणार नाही, मी राहायला येणार आहे,’ असं ओरडला, सगळा वाडा गॅलरीत गोळा झाला. अण्णा म्हणाले, तू आहेस कोण मला विचारणारा? तेव्हा त्याने स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, आडनावासकट. जे आमचंही आडनाव आहे. मग शिव्या. मग ती कुंडी लाथाडली, ती खाली चौकात जाऊन फुटली. आईच्या हाताला खापरी लागली, तीन टाके पडले.

त्यानंतर तो गुंड झाला, हावरट झाला. आता त्याचं नाव घेत नाही कुणी, ‘पंढरपूरचा’ म्हणतात. २०१८ मध्ये थिएटरात एका ठिकाणी पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलले आणि शब्द ऐकू आला नाही. नंतर कळलं, तिथे हनुमानाचं नाव होतं आणि सेन्सॉरने त्याचा आवाज बंद केला होता. आमच्याकडेही असंच आहे. बोलता बोलता त्या जागी आलं की ओठ हलतात आणि पुढे जातात.

ही हकिकत घरात सांगितली जाते तेव्हा कुंडीपासूनच सुरू होते. दादा सांगतो, वहिनी सांगते, मीसुद्धा सांगितलीय, सासरी, रंगवून. एसटीपासून कुणी सांगत नाही. रिकाम्या खणापासून मी कधी सांगितली नाही. सिनेमातही ते पोर पहिल्याच प्रसंगात समोर असतं, खाली खेळत, वर बघत. पहिल्यांदा बघताना आपण त्याच्याकडे बघतच नाही. आपली नजर वर, त्या घरात, राजाकडे.

शेवटी पैसे देऊन मिटलं. किती ते लिहीत नाही, लाज वाटते. त्याच दिवशी त्याच टेबलावर मीही सही केली होती, दादासाठी, माझ्या वाट्याची. त्याबद्दल कुणी ओरडलं नाही. मीही नाही.

दुपारभर मला स्वतःचीच फार कीव येत होती. सगळं मलाच का आठवावं? दादाला फोन केला तर म्हणाला, ‘सिनेमा बघून काय घेऊन बसलीस! राज्य चालवायचं तर असं करावं लागतं.’ राज्य! नारायण पेठेतल्या दोन खोल्या. मी फोन ठेवून दिला आणि रडले. मी अकरा वर्षांची होते, मला कुणी काही विचारलं होतं का, मी काय करू शकत होते, असं कितीतरी वेळ मनातल्या मनात बोलत राहिले. कुणाला ऐकवत होते कोण जाणे.

मग संध्याकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालता घालता ते आपोआप थांबलं. १९९२ ला मी अकरा वर्षांची होते, खरंय. २०१० ला एकोणतीसची होते. फोन मीच केला होता. २०१८ ला मी सदतीसची होते आणि खूप छान रडत होते. बरं, आहे हे असं आहे. राजाच्या घरातलीच मी, दुसऱ्या कुणाच्या नाही. सिनेमातला राजाही गादीवर बसतो तेव्हा त्याला ठाऊक नसतं. कळल्यावर तो मेलेल्या बापासमोर उभा राहून विचारतो, त्या मुलाला घरी का नाही आणलंत? अण्णा होते तोवर मी विचारलं नाही. विचारता आलं असतं, शेवटच्या वर्षात ते खूप बोलायचे. आता कुणाला विचारू? आईला विचारवत नाही. तिने तर दारात सांगितलं होतं.

रात्री भात लावायला तिने तांदळाचा डबा काढला. मापाला ते फुलपात्र. दादाकडून इथे राहायला येताना स्वतःचं माप बरोबर आणते, मी नेहमी हसते त्यावर. आज हातात घेऊन बघितलं. अक्षरं झिजलीत, पण अंगठा फिरवला की लागतात.

‘शेवटी काय झालं गं त्या पोराचं?’ तिने विचारलं. माझ्याकडे न बघता, तांदूळ धूत.

‘गेला,’ मी म्हणाले. ‘पण राजाने त्याला त्याच्या बापाचा देश दाखवला. बाप सांगायचा ना, तिथला सूर्यास्त जगात सगळ्यात सुंदर असतो म्हणून. तो दाखवायला घेऊन गेला.’

‘जिवंत असताना?’

‘हो. जखमी होता, पण होता.’

तिने पाणी ओतलं. दुसऱ्यांदा धुतले. तिसऱ्यांदाही धुतले. मग म्हणाली, ‘तुझ्याकडे नंबर असेल ना.’

आहे. २०१० पासून आहे, चार फोन बदलले तरी आपोआप येत राहिला. आत्ता काढून बघितला. ‘पंढरपूर हक्कसोड’ या नावाने ठेवलाय मी. इतकी वर्षं दुसऱ्या कुणाचा नंबर शोधत असले की तो मध्येच दिसायचा आणि मी बोटाने वर सरकवून द्यायचे.

फोन केलेला नाही. बारा वाजायला आलेत, लागेल की नाही, लागला तर उचलेल की नाही, काही ठाऊक नाही. उचलला तर काय म्हणायचं तेही नाही. या वेळी कागद नाहीत, एवढंच सांगता येईल. आई आतल्या खोलीत जागीच आहे, कूस बदलल्याचा आवाज येतोय.

नाव तेवढं बदललं. त्याचं नाव, काकाचं नाव, आडनाव.