पत्र्याच्या पेटीभोवती

आज माण तालुक्यातील एका गावात महिला बचत गटाच्या मासिक बैठकीला बसण्याचा योग आला. सतरंजीवर मधोमध ठेवलेली पत्र्याची पेटी आणि नोटा दोनदा मोजून घेणारे हात अजून नजरेसमोरून हलत नाहीत. एका ताईंनी पहिल्या कर्जातून दोन शेळ्या घेतल्या, ते फेडून शिलाई मशीन घेतली आणि यंदा तिसऱ्या कर्जातून मुलीची नर्सिंगची फी भरली. या साऱ्याला नऊ वर्षे लागली, हे मला फार मोलाचे वाटते. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये अशा गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा तारण होते ते एकमेकींच्या शब्दाचे. दुष्काळात शेळी दगावली, तेव्हा गटाने त्यांचा हप्ता दोन महिने पुढे ढकलला, हे सांगताना ताईंचा आवाज दाटून आला होता.