ब्राऊन राईस सुरू करू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

आहाराचा सल्ला घ्यायला आलेलं माणूस खुर्चीत टेकतं न टेकतं तोच विचारतं, ‘पांढरा भात सोडून ब्राऊन राईस सुरू करू का? वजन उतरेल ना?’

वजनाचं आधी सांगते. नुसता तांदूळ बदलून वजन उतरत नाही. शिजलेल्या 100 ग्रॅम पांढऱ्या भातात साधारण 130 कॅलरी असतात, ब्राऊन राईसमध्ये 110 ते 125. दोन घास जास्त वाढून घेतले की हा फरक संपला. प्रथिनंही दोन्हींत सारखीच, अडीच-पावणेतीन ग्रॅम.

मग फरक कुठे आहे? माझ्या टेबलाच्या खणात दोन्ही तांदळांचे दाणे असतात. ते मी समोरच्याच्या तळहातावर ठेवते आणि टोकाकडे बघा म्हणते. ब्राऊन राईसच्या दाण्याला एका टोकाशी फिकट पिवळा ठिपका दिसतो, तो अंकुर. पांढऱ्या दाण्याला त्याच जागी नखाने टवका काढावा तशी खाच असते. वरचं तूस काढलं की ब्राऊन राईस तयार होतो. पुढे कोंडा आणि अंकुरही घासून काढले की पांढरा तांदूळ. यात वजन जेमतेम दहा टक्के घटतं, पण बी-1 जीवनसत्त्व बहुतेक सगळं जातं. मॅग्नेशियम तिपटीने कमी होतं. शिजलेल्या 100 ग्रॅममागे तंतू, म्हणजे फायबर, 1.8 ग्रॅमवरून 0.4 वर येतात.

कोंड्याची किंमत जगाला कोंबड्यांनी दाखवली. 1890च्या दशकात जावा बेटावर आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचं, म्हणजे बी-1 कमी पडल्याने हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचं, कारण शोधत होते. लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात खाऊन त्यांच्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. पुढे नवा आचारी आला आणि त्याने सैनिकांचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला. कोंडा असलेला तांदूळ मिळू लागला, तशा कोंबड्या बऱ्या झाल्या. या कामासाठी आइकमान यांना 1929 साली नोबेल मिळालं.

पण त्या कोंबड्यांना भाताशिवाय दुसरं काहीच मिळत नव्हतं. म्हणून मी उलट विचारते, भातासोबत ताटात काय असतं? डाळी, कडधान्यं, भाज्या रोज पोटात जात असतील तर कोंड्यातलं बरंचसं तिथून मिळतं. सालीसकट एका मध्यम सफरचंदातच चारेक ग्रॅम तंतू असतात. ताटात भाताचा डोंगर आणि बाकी सगळं चवीपुरतं असेल, तर मात्र ब्राऊन राईस जरूर घ्या, आणि डोंगरही कमी करा. मधुमेह असेल तर हे जास्तच लागू आहे. ब्राऊन राईसने साखर थोडी सावकाश वाढते, पण वाढतेच, आणि किती वाढते ते तांदळाच्या जातीवरही ठरतं.

काहींना मी तो सुचवत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यातलं जास्तीचं फॉस्फरस अडचणीचं ठरू शकतं, तिथे तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. तान्ह्या बाळांना रोज तोच देऊ नका, कारण आर्सेनिक कोंड्यात जास्त साठतं. कोंड्यातल्या फायटिक आम्लामुळे लोह आणि जस्तही अंगी कमी लागतं.

ज्यांना तो घशाखाली उतरत नाही, त्यांना मी उकडा तांदूळ सांगते. तो तुसासकट भिजवून वाफवतात आणि मग त्याचं तूस आणि कोंडा काढतात, त्यामुळे कोंड्यातली काही बी जीवनसत्त्वं आधीच दाण्यात मुरलेली असतात. मला स्वतःला पांढऱ्यापेक्षा तो बरा वाटतो. एखादं धान्य नाक मुरडत आयुष्यभर कोणी खात नाही, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा पाहिलंय.

ब्राऊन राईस आणलातच तर थोडा आणा. तासभर तरी भिजवा, पाणी जास्त घाला आणि तांदूळ फ्रिजमध्ये ठेवा. कोंड्यात तेल असतं, ते काही महिन्यांत खवट होतं. डबा उघडल्यावर जुन्या तेलाचा वास आला, तर तो तांदूळ शिजवू नका.