पाटावरचे शंभर मीटर

“स्पर्धाच नाहीत, मग पळता कोणासाठी काका?” २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाटाच्या रस्त्यावर दूधवाल्याने एक दिवस विचारलंच.

काका साठीपुढचे. टोरांटोची २०२० ची जागतिक मास्टर्स (वयाने मोठ्या धावपटूंची स्पर्धा) रद्द, जळगावातलं मैदान लॉकडाऊनमध्ये बंद. म्हणून टेपने शंभर मीटर मोजून दोन दगड ठेवलेले.

आधी वीस मिनिटं हळू पळणं, पाय झुलवणं. मग सहा धावा, ऐंशी टक्के जोराने. परत येताना चालतच. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घरी, कारण कडक रस्त्यावर पोटरी आणि टाचेमागची शीर धरते. पुढच्या जोराच्या धावा तीन दिवसांनी. या वयात स्नायू सावरायला वेळ घेतात. (पोरांना हे कोण सांगणार!)

“थांबलो की गेलं रे भाऊ. परत कमवायला वय नाही आता.”

करोनामुळे तेव्हा साठीपुढच्यांनी घरात बसा म्हणत होते, बरोबरच होतं. पण बसून झिजणाऱ्या पायांचं काय?