सारख्या मापाची घरं

काल दुपारी मुदत बघायला पासपोर्ट उघडला आणि मुदत राहिली बाजूला. नजर अडकली फोटोखालच्या दोन ओळींवर. प्रत्येकी 44 चिन्हं, वरच्या चिन्हाखाली खालचं अगदी नेमकं. नाव संपलं तरी घर रिकामं ठेवायचं नाही, म्हणून पुढे ‘पेक्षा लहान’ची गणितातली खूण ओळीने भरलेली. माझं नाव आखूड, त्यामुळे खुणाच जास्त. या ओळी खरं तर यंत्राने वाचायच्या. पण एड्रियन फ्रुटिगर या स्विस अक्षररचनाकाराने 1968 साली हा ओसीआर-बी फॉन्ट केला तो माणसाच्या डोळ्यालाही खुपू नये असा. त्याच सुमाराचा ओसीआर-ए शेजारी ठेवून बघा, तो निव्वळ यंत्राची मर्जी राखतो.

सगळ्या अक्षरांना एकच रुंदी, ही मुळात टाइपरायटरची अडचण. बाबांच्या टाइपरायटरवर मी एक ओळ नुसती इंग्रजी ‘आय’ची काढायचे आणि तिच्याखाली तेवढेच एम. दोन्ही ओळी एकाच जागी संपायच्या. मला ती जादू वाटायची. कळ कुठलीही दाबा, गाडा एकच दात पुढे सरकणार. इंचाला दहा अक्षरं, किंवा बारीक टाइप असेल तर बारा. मग एक्स ठोकून ठोकून घर काढायचं, छपराचा उतार एकेक जागा सोडत साधायचा, आणि तेवढ्यात ओळ संपल्याची घंटा. रिबन वाया जाते म्हणून बाबा ओरडायचे. फ्लोरा स्टेसी नावाच्या बाईंनी 1898 सालीच टाइपरायटरवर फुलपाखरू काढलं होतं, हे तेव्हा ठाऊक असतं तर उलट उत्तर तरी देता आलं असतं.

टाइपरायटर गेले, पण ही अक्षरं प्रोग्रॅमरांनी सोडली नाहीत. कोडची ओळ 80 अक्षरांत बसवायची त्यांची जुनी शिस्त तर थेट आयबीएमच्या 1928 च्या 80 रकानी, भोकं पाडून माहिती नोंदवायच्या पंचकार्डापर्यंत जाते.

खरी गंमत सेरिफ नसलेल्या फॉन्टांत. टोकांच्या शेपट्या, म्हणजेच सेरिफ, छाटून अक्षरं साफसूफ केली खरी, पण बिचारा आय त्या रुंद घरात मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखा दिसतो. मग त्याच्या पायाशी गुपचूप एक आडवी पट्टी द्यावी लागते. म्हणजे शेपूट परत आलीच! एमची उलटी तऱ्हा: तीन पाय मावत नाहीत, म्हणून काही फॉन्टांत मधला पाय अर्ध्यावरच सोडतात. कोणताही नवा मोनोस्पेस, म्हणजे सारख्या रुंदीचा, फॉन्ट दिसला की मी आधी हा मधला पाय बघते. कोन्सोलास, मोनॅको, मेन्लो, सगळ्यांची अशी झडती घेऊन झाली आहे. पत्रंसुद्धा मी यातच लिहिते. बिल आल्यासारखं वाटतं, अशी तक्रार येते. येऊ दे.

आणि शून्य. ते ओ या अक्षरापासून वेगळं दिसावं म्हणून कुणी पोटात ठिपका देतं, कुणी तिरपी रेघ. मी रेघेच्या बाजूची. डॅनिश लोकांच्या वर्णमालेत मात्र रेघ मारलेला ओ हे आधीपासूनच एक स्वतंत्र अक्षर आहे, त्यामुळे त्यांचा घोटाळा होतो. त्यांनी ठिपका घ्यावा.