साडेसोळा हजाराचा पुठ्ठा

आधीच सांगून टाकतो, आकडा खराय. साडेसोळा हजार. तीन इंचाच्या गाडीला. आणि गाडी अजून हातात पण घेतलेली नाही कारण ती पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या फुग्यात बंद आहे, फुगा फोडला की भाव धाडकन खाली. बायकोला मी अडीच हजार सांगितले होते, तिनं बँकेचा मेसेज बघितला, पुढचं काय सांगत नाही. सोलापुरातला मे महिना, घरातला कूलर गेल्या वर्षापासून नुसता घरघरतोय, आणि नवरा गाडी घेतोय ती पण खेळण्यातली.

गाडी लिओची. ऐंशीच्या दशकात लिओ कंपनी अमेरिकेच्या मॅटेल ह्या खेळण्याच्या कंपनीच्या लायसनवर आपल्याकडंच हॉट व्हील्स, म्हणजे त्यांच्या छोट्या गाड्या, बनवायची, ते आता फार जणांना आठवत नाही. साचे तिकडचे पण रंग इथले, म्हणजे जो रंग अमेरिकेत कधी आलाच नाही त्या रंगात ती गाडी फक्त भारतात मिळायची, म्हणून आज तिकडचे कलेक्टर ह्या गाड्या शोधत फिरतात. फनस्कूल कंपनीच्या जी आय जो नावाच्या सैनिक-बाहुल्यांचं पण तेच. आपण ज्यांचे हातपाय उपटून टाकले ते आता परदेशात काचेच्या कपाटात उभे आहेत.

मला लहानपणी ही गाडी मिळाली नाही. दर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर जायचो, वडील मिलमध्ये, एका वर्षाला एकच खेळणं, आणि ते ठरलेलं, पत्र्याची फटफट बोट. परातीत पाणी घालून वात पेटवली की टपटपटप करत गोल फिरायची. भारी होती, खोटं कशाला बोलू. पण नवी पेठेत एका दुकानाच्या काचेत पुठ्ठ्यावरची गाडी लटकलेली असायची आणि मी तिथं थांबायचो, आई हाताला ओढायची. आता बाजारात भाव चाललाय तो ह्याच लटकलेल्या गाडीचा. खेळून रंग उडालेली दोन-अडीच हजारात मिळते. वरचे चौदा हजार कुठल्यातरी पोरानं ती उघडली नाही ह्याचे आहेत.

हे जास्तच विचित्र वाटत असेल तर स्टार वॉर्स सिनेमाच्या खेळण्यांचं बघा. 1979 मध्ये केनर कंपनीनं त्यातल्या बोबा फेट ह्या पात्राचं बाहुलं काढायचं ठरवलं, त्याच्या पाठीवरनं छोटं रॉकेट सुटणार होतं. तेवढ्यात दुसऱ्या एका खेळण्याचं मिसाईल घशात अडकून एक मूल गेलं, केनरनं घाबरून रॉकेट फिक्स करून टाकलं, आणि रॉकेट सुटणारं बाहुलं दुकानात कधी आलंच नाही. राहिले फक्त ऑफिसातले थोडे नमुने. त्यातला एक 2024 मध्ये हेरिटेज ह्या लिलाव कंपनीच्या लिलावात 5 लाख 25 हजार डॉलरला गेला, म्हणजे आपले सव्वाचार कोटीच्या वर! कुठल्याच पोराच्या हातात न पडलेलं खेळणं आणि इतकं महाग. हॉट व्हील्समधली 1969 ची गुलाबी फोक्सवॅगन बीच बॉम्ब पण तशीच, मागच्या काचेतनं सर्फबोर्ड बाहेर आलेले, पण अंगानं अरुंद आणि डोक्याला जड, ट्रॅकवर गाड्यांना पुढं ढकलणाऱ्या सुपरचार्जर यंत्रातनं नीट जायचीच नाही म्हणून साचा बदलला. फसलेला नमुना तो, आणि किंमत दीड लाख डॉलर सांगतात.

बाहेरनं मागवायचं म्हणाल तर विसरा. खेळण्यांवरची आयात ड्युटी 2020 ला 20 टक्क्यावरनं 60 केली, 2023 ला 70. म्हणून मी म्हटलं इथलंच घ्यावं, इथलाच विक्रेता, फोनवर गोड बोलणारा, "सर अनटच्ड पीस आहे". पैसे टाकले. चार दिवसांनी पार्सल. पुठ्ठ्याच्या कडा छान पिवळट, कोपरा जरासा दुमडलेला, बघूनच जुना वास येईल असा, पण वास काय येईना. तिथंच डोक्यात किडा वळवळला.

साखर पेठेतल्या आमच्या ओळखीच्या अण्णांकडं घेऊन गेलो, त्यांचा चाळीस वर्षं ऑफसेट छपाईचा धंदा, लग्नपत्रिकांपासून बिलबुकापर्यंत सगळं. अण्णांनी खिशातनं भिंग काढलं, छोटं, घडीचं, आणि पुठ्ठा डोळ्याला लावल्यासारखा धरला. चित्राकडं बघितलंच नाही. मागच्या बाजूचा बारीक काळा मजकूर बघत बसले, मग माझ्या हातात दिलं, "बघ. काळ्याची प्लेट वेगळी असते, अक्षर भरीव उठतं, कड सुरीनं कापल्यासारखी. ह्यात काय दिसतंय?" अक्षरात निळे, लाल, पिवळे ठिपके, रांगोळी विस्कटल्यासारखे. "कुणीतरी स्कॅन मारून प्रिंट काढलीय. कडा चहाच्या पाण्यात बुडवल्यात बघ."

मी काय बोलणार. तिथंच खुर्चीवर बसलो. विक्रेत्याला फोन लावला, दोनदा कट, तिसऱ्यांदा नंबर ब्लॉक.

लोक म्हणतात ही इन्व्हेस्टमेंट आहे. मी पण म्हणायचो, घरात तेच तर सांगितलं होतं. अरे कसली इन्व्हेस्टमेंट, विकायचं मनात आलं तरी पोटात कालवतं. भारी किमतीला माझी हरकत नाहीच, आजही नाही, खरा पुठ्ठा असता तर साडेसोळा दिल्याचं एका शब्दानं वाईट वाटलं नसतं. ज्याचे पैसे दिले तेच आलं नाही, हे दुखतंय.

"गाडी तरी खरी आहे का?" अण्णांनी विचारलं.

गाडी खरी आहे. तळाचं लिओचं नाव फुग्यातनं तिरकं दिसतं. आता पुठ्ठाच खोटा म्हटल्यावर फुगा फोडायला काय हरकत आहे? पण नाही फोडला अजून, का ते विचारू नका.

"मग रडतो कशाला," अण्णा म्हणाले, "काम मात्र झकास केलंय रे त्यानं. मी सात रुपयात काढून देतो असं. शंभर घेतलास तर पाचनं लावतो."

नको म्हटलं. भिंग तेवढं मागून घेतलं. दोनशे म्हणाले, घासाघीस न करता दिले.